बंबवाल्याच्या अंगातले बंबवाले

अग्निशमन केंद्रातला मोठा बंब चालवणाऱ्याला सगळे 'वादळ' म्हणत. कुठे धूर दिसायचा अवकाश, गडी शर्टाची बटणं लावत लावत स्टिअरिंगवर! एकदा गच्चीवर शेकत बसलेल्या नवरा-बायकोवर याने असा फवारा मारायला लावला, की बिचारे आठवडाभर शिंकत होते. आधी पाणी, मग चौकशी, हा त्याचा खाक्या.

त्या वर्षीच्या तपासणीत मात्र बीपी असं चढलं की साहेबच गारठले. "हे उतरेपर्यंत तू फोनपाशी. बंब आपला धाकटा ड्रायव्हर चालवेल."

वादळाचं तोंड एवढंसं झालं. फोनपाशी बसणं म्हणजे त्याच्या लेखी जिवंतपणी तसबिरीत जाऊन बसणं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. त्या त्याने कपाटात टाकल्या. गोळी म्हणजे शरणागती! प्रतिकारशक्ती वाढवली की बीपी झक मारत उतरेल, असं त्याचं गणित. शक्तिवर्धक पावडरीचे डबेच्या डबे घरात आले.

"अहो, डब्यावरच्या पैलवानाला बीपी नाही, कारण तो छापलेला आहे!" बायको म्हणाली. पण ऐकतो कोण?

पुढच्या तपासणीला बीपी आणखी वर.

"सगळी फौज उभी केलीय अंगात, बाई!" वादळ छाती फुगवून म्हणाला.

"तीच तर भानगड असेल. बाहेरचा जंतू नसतानाही अंगातले रक्षक कधीकधी भडकतात. रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात घुसून बसतात. तिथे सूज येते, नळ्या ताठरतात, मीठ अंगात साठतं, दाब चढतो. पुढे हृदयालाही झळ बसते."

"पण आग कुठे लागलीय?"

"कुठेच नाही. तुमचे बंब मात्र घरात शिरून पाणी मारतायत."

वादळ चपापला. "कोणी बोलावलं त्यांना?"

"सुटलेलं पोट, अर्धवट झोप, जास्त मीठ, यांनी ते चेकाळतात. मीठ वरून घेता?"

"चव बघायच्या आधीच!" सोबत आलेल्या बायकोने साक्ष दिली.

"आणि गोळ्या?"

"त्या कपाट घेतंय," पुन्हा बायकोच.

"मग त्या फौजेलाच घरी बसवणारं औषध द्या ना," वादळ काकुळतीला आला.

"त्यावर शोध चाललेत, पण अजून हाताशी नाही. आणि सगळेच घरी बसले, तर खरा जंतू आल्यावर कोण धावणार? तुम्ही आपली कपाटातली गोळी घ्या."

निमूटपणे गोळी सुरू झाली. डबे गेले, मीठदाणी गेली, जेवण म्हणजे पेंढा चघळणं झालं. रोज बंब धुऊन झाला की धाकटा फोनपाशी डोकावायचा, "काका, आज काय पळाला म्हणून सांगू!" वादळ दातओठ खायचा; त्यांत मीठ नव्हतं, एवढंच पथ्य.

शेवटी बीपी उतरलं. साहेबांनी किल्ली हातात ठेवली. वादळ ऐटीत चढला, तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. धाकट्याने सीट पार मागे सरकवली होती.

"लांबटांग्या मेला!" म्हणत त्याने ती पुढे ओढली. काम होतं टाकीत पाणी भरून आणायचं, तेही चौकापलीकडून. त्याने लांबच्या रस्त्याने, सगळ्या बाजारातून, बंब मिरवत नेला.