न फुगणारं कपाट

खोपोलीच्या अलीकडे एका कारखान्यात मी पार्टिकल बोर्ड तपासतो. लाकडाचा कीस डिंक लावून दाबला की बोर्ड तयार होतो, आणि पाणी लागलं की तो भाकरीसारखा फुगतो. तसं होऊ नये म्हणून आमच्याकडे कीस आधी आंबट वासाच्या रसायनात शिजवून पाहिला. त्या बोर्डाचे तुकडे पाण्यात बुडवून जाडी मोजायची, हे माझं टेबल. बोर्डात बसवलेला स्क्रू किती घट्ट धरतो ते ओढून बघणं शेजारच्या टेबलाचं. तिकडे काय चाललंय, याची मी कधी फिकीर केली नाही.

चाचणीतून उरलेले बोर्ड साहेबांना विचारून घरी आणले आणि सिंकखाली कपाट केलं. बायकोनं नाक मुरडलं. "लोणच्याचा वास येतोय तुमच्या कपाटाला." पण नळ गळला, पावसाळे गेले, कपाट केसभरही फुगलं नाही. आल्यागेल्याला मी ते कौतुकानं दाखवायचो. ती मागे उभी राहून हसायची.

या श्रावणात ती गेली. तापाचं निमित्त झालं. मला काहीच वाटलं नाही. माणसं आली, चहा झाला, दहावा झाला, मी नुसता बघत होतो. आई रोज म्हणायची, "एकदा रड रं. नायतर तूच आजारी पडशील." तिला आता माझी धास्ती वाटत होती. मी सुतकातही कामावर जाऊन तुकडे बुडवत बसायचो.

तेराव्याला पातेलं काढायला म्हणून कपाट उघडलं, तर दारच हातात आलं, बिजागरीसकट. शेजारच्या टेबलावरचा माणूस हेच तर सांगत असायचा. शिजवलेला कीस पाणी घेत नाही, तसा डिंकही नीट धरत नाही. बोर्ड आतून कच्चा राहतो, स्क्रू सुटतात.

स्क्रूच्या भोकांत आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या होत्या. गुल काढून, नीट तासून. काही जुन्या, काळ्या पडलेल्या, त्यांच्या शेजारी नव्या. म्हणजे दार केव्हापासूनच निखळत होतं, आणि मी कामावर गेलो की ती ते बसवत होती.

आई आत आली. "काय झालं रं?"

मी दार मांडीवर घेऊन फरशीवर बसलो होतो. "मला कधी सांगितलं पण नाय गं हिनं," एवढं म्हणालो आणि मला रडू फुटलं.

आईनं बाहेरच्या बायकांना तिथेच थांबवलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.