‘नाही’ एवढंच उत्तर

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी शाळा उघडली. सव्वाअकराला मृणालचा फोन आला. तिचे वडील, टेंभेकरकाका, त्या दिवशी सकाळी सहाला गेले होते. मी ग्रंथालयात होते, पाचवीचा तास चालू होता. तास संपेपर्यंत मी मुलांना पुस्तकं दिली, तारखांचे शिक्के मारले आणि मग सुधीरला, माझ्या नवऱ्याला, फोन केला.

त्याला आता सात आठवडे झाले. टेंभेकरकाकांविषयी लिहायचं म्हणून मी याआधी चार वेळा बसले आणि चारही वेळा उठले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहिताना मन थोडं निवतं, असं मी अशा लेखांत वाचलं आहे. माझं निवत नाही. मी वाक्य लिहिते आणि उठून खिडकीशी जाते, परत येते, ते वाक्य खोडते... काकांना हे आवडलं नसतं. त्यांच्या हातून गेलेल्या कागदावर खाडाखोड नसे.

ते दिल्लीत, देशाच्या सुरक्षेशी संबंधित एका खात्याच्या संसद कक्षात एकतीस वर्षं होते. खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तयार करायची, हे त्यांचं काम. पत्नी गेल्यावर ते इथे आखातात, अल मनखूलला, मृणालकडे राहायला आले. तिची इमारत आमच्यापासून दोन इमारती सोडून आहे. नात सई आमच्याच शाळेत. पालकसभेच्या दिवशी तिचं बोट धरून ते ग्रंथालयात आले, कपाटांवरून एकदा नजर फिरवली आणि मला विचारलं, “गुप्तचर संस्थांवर संसदेनं देखरेख कशी ठेवावी, यावर काही आहे का तुमच्याकडे?”

“काका, ही शाळा आहे.”

“म्हणूनच तर इथे विचारतोय, ग्रंथपालबाई. इथे कुणाला संशय येणार नाही.”

पुस्तकं मी मागवून दिली. काही ई-बुकं मिळाली, काही पुण्याहून येणाऱ्यांच्या बॅगेत आली. पुढची तीन वर्षं, शाळा सुटल्यावर, आठवड्यातून दोन दिवस ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. निवृत्तीनंतर त्यांनी एक पुस्तिका लिहायला घेतली होती. इतर देशांत संसदेची एक समिती असते, ती बंद दाराआड बसते, गुप्तचर संस्थांच्या प्रमुखांना बोलावते, कागद मागवते. आपल्याकडे अशी समिती नाही, ती का असावी, हे सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत सांगायचं. ते हातानं लिहीत, मी टाइप करी. सुधीर आधी दचकलाच. “हबीबी, इथे बसून हेरांवर पुस्तक? व्हिसा जड झालाय का दोघांना?” काका शांतपणे म्हणाले, “हेरांवर नाही हो. हेरांना विचारायचं कुणी, यावर. आणि तेही आपल्याकडच्या.” सुधीर म्हणाला, “तरी हळू बोला.”

आपलं पूर्वीचं काम ते लपवत नसत. उत्तर लिहिण्याची एक शिस्त असते, म्हणत. खोटं एक अक्षर लिहायचं नाही. सभागृहाची दिशाभूल केली तर मंत्री अडचणीत येतो. पण जेवढं विचारलं आहे त्याच्यापुढे एक पाऊल टाकायचं नाही. पहिल्या भागाला ‘नाही’ लिहिता आलं की बाकीच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून मोकळं व्हायचं. तोंडी उत्तर असेल तर सभागृहात उपप्रश्न येतात, त्यांची वेगळी टिपणं करायची. काका अधिकाऱ्यांच्या सज्जात बसून मंत्र्यांकडे चिठ्ठ्या पाठवत. “एकतीस वर्षांत खरा भेदणारा उपप्रश्न मी चार-पाच वेळाच ऐकला असेन,” ते म्हणाले होते. “बाकीचे उठतात आणि भाषण करतात. आम्हाला भाषण फार आवडायचं. तेवढा वेळ जायचा.”

ती सवय घरातही होती. सई विचारायची, “आजोबा, गोळी घेतली?”

“पाकिटात आजची गोळी दिसत नाही.”

“दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर!”

“मग उपप्रश्न विचार.”

“तोंडात गेली की बेसिनमध्ये?”

ते टाळ्या वाजवत आणि मला म्हणत, “ही दिल्लीत असती तर आमचं खातं बुडालं असतं.” मग निमूट गोळी घेत. समिती कशासाठी हवी, हे मला त्यांनी असंच एकदा क्रिकेटवरून समजावलं. प्रश्न म्हणजे एक चेंडू, तो नुसता अडवला तरी पुरतं. समिती म्हणजे अख्खं षटक. चुकवलेला चेंडू ती पुन्हा टाकू शकते.

पुस्तिकेची तीन प्रकरणं जानेवारीत पुरी झाली. चौथ्याला त्यांनी फक्त नाव दिलं होतं, ‘एक उत्तर’. तिन्ही प्रकरणांच्या प्रती काढून बांधायला आम्ही खाडीपलीकडे देऱ्याला गेलो. तिथे एक टायपिंग सेंटर आहे. अर्ज भरून घ्यायला आलेल्या माणसांची तिथे रांग असते. काकांना तिथे बसायला आवडायचं. त्या दिवशी दापोलीकडचा हनीफ नावाचा एक सुतार अर्जावर आपली सगळी कर्मकहाणी लिहायला सांगत होता. काकांनी त्याला थांबवलं. “विचारलंय तेवढंच लिही रे. जास्त सांगितलंस तर जास्त विचारतील.” हनीफ म्हणाला, “काका, तुम्ही वकील होतात काय?” काका हसले.

परतताना खाडी ओलांडायला आम्ही अब्रामध्ये, त्या लाकडी होडीत, बसलो. इंजिनाच्या आवाजात त्यांनी अचानक बोलायला सुरुवात केली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खासदारानं लेखी प्रश्न विचारला होता. अमुक जिल्ह्यातून, अमुक महिन्यात, कुणा तरुणाला यंत्रणांनी चौकशीसाठी नेलं आहे काय? असल्यास तो कुठे आहे? फाइल काकांसमोर आली. तरुणाला नेलं होतं. पण प्रश्नात लिहिलेल्या जिल्ह्यातून नाही. तो कामावरून घरी येत होता आणि त्याला शेजारच्या जिल्ह्यातल्या एसटी स्टँडवरून उचललं होतं.

“मी लिहिलं, ‘नाही’,” काका म्हणाले. “पुढच्या भागांना, प्रश्न उद्भवत नाही. साहेबांनी पाठ थोपटली माझी. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात... घरच्यांना वाटलं असणार, सरकारनं संसदेत सांगितलंय, म्हणजे त्यांनी नेलेला नाही. मग ते दुसरीकडे शोधत बसले असतील. विहिरी बघत बसले असतील.”

इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू यावं म्हणून मी त्यांच्याकडे सरकले.

“त्याचं नाव मला पाठ आहे. गावाचंही. चौथ्या प्रकरणात घालणार आहे. गुपितं सांभाळीन अशी सही केली होती मी, ती सांभाळली. पण हे उत्तर माझं आहे. ते मी दुरुस्त करू शकतो.” मग होडी धक्क्याला लागली आणि ते म्हणाले, “पुढचं लिहिताना सांगतो.”

नाव काय, असं मी तेव्हा विचारायला हवं होतं. दोन शब्दांचा प्रश्न होता. मी त्यांना हात देऊन पायरी चढवली आणि ऊन फार आहे का, असं विचारलं. भीड वाटली. माणूस एवढं बोलला, आता आणखी खोदू नये, असं वाटलं. आमच्या घरी हेच शिकवलेलं.

त्यानंतर ते तीन महिने ग्रंथालयात आले, पण पहिलीच प्रकरणं तपासत राहिले. एक स्वल्पविराम काढत आणि पुढच्या खेपेला परत घालत. मेमध्ये एकदा ते दवाखान्यातून परस्पर माझ्याकडे आले. हातात मोठं पाकीट होतं.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“भारतात जाऊन यायला हरकत नाही म्हणाले.”

मला आनंद झाला. मी म्हटलं, मग खुशाल जाऊन या, मीही जुलैत पुण्याला जाते आहे, चौथं प्रकरण सप्टेंबरात निवांत करू. ते म्हणाले, “चालेल.” पाकीट त्यांनी टेबलाखाली, पायाशी, ठेवलं होतं. ते मला दिसत होतं.

दिवसकार्य झाल्यावर मृणालनं मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, आता उपचारांचा उपयोग नाही. कुणाला भेटायचं असेल तर भारतात जाऊन या. काकांनी मला त्यातलं शेवटचं सांगितलं, आणि ते खरं होतं. “मलाही तेच सांगितलं होतं, ताई,” मृणाल म्हणाली. “मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना स्वतः फोन केला, म्हणून कळलं.” मग ती म्हणाली, “तुम्हाला सांगू नको म्हणाले. ताई घाई करतील म्हणाले.”

हे वाक्य मला बसू देत नाही. घाई करतील, म्हणजे काय? मला वाईट वाटेल म्हणून ते गप्प राहिले, की चौथं प्रकरण लिहावं लागू नये म्हणून? होडीत बोलताना त्यांनी खरंच ठरवलं होतं, की बोलून टाकल्यावर ओझं उतरलं आणि मग तेवढंच पुरलं? कधी मला त्यांचा राग येतो. ज्यानं मला तीन वर्षं उपप्रश्न शिकवला त्यानं शेवटी मलाच उत्तर लिहून दिलं. मग वाटतं, पाकीट तर समोर होतं. सईनं विचारलं असतं. मी विचारलं नाही.

मृणालनं त्यांच्या वह्या, डायऱ्या, जुनी पाकिटं सगळं मला बघू दिलं. नाव कुठेच नाही. अर्थात नसणारच. असली माहिती कागदावर ठेवायची नाही, हे त्यांच्या हाडात होतं. “जाऊ दे ना, ताई,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांनी त्या लोकांना काय मिळणार?” मला माहीत नाही काय मिळणार. मला एवढंच माहीत आहे की कुठल्या तरी घरात ‘नाही’ हे उत्तर अजून खरं मानलं जातं, आणि ते तसं नाही हे सांगू पाहणाऱ्या आम्हा दोघांपैकी एक आता नाही.

म्हणून शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयाच्या संगणकावर संसदेतले जुने प्रश्न उघडून बसते. ते सगळ्यांना पाहता येतात. खातं कुठलं ते मला माहीत आहे, त्यांच्या नोकरीची वर्षं माहीत आहेत. प्रश्नात जिल्ह्याचं नाव हवं, माणसाला नेल्याचा उल्लेख हवा आणि पहिल्या भागाचं उत्तर एकाच शब्दाचं हवं. सुधीर घ्यायला येतो, दारात उभा राहून म्हणतो, “खलास झालं का आजचं?” मी म्हणते, अजून एक पान. जुनी काही वर्षं तिथे नाहीत. काही पानं उघडत नाहीत. काकांचा प्रश्न त्यांतच असू शकतो.

आज माझ्याकडे नऊ जिल्ह्यांची नावं आहेत. माणसाचं नाव एकही नाही.