विहिरीकडे तोंड करून बसलेले किडे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर पोट धरून हसलो. शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे हसणं हा नोकरीचाच भाग होता. तरी हे लिहितोय… कारण बारा फोटो कपाटात आहेत आणि त्यांचं काय करावं, मला कळत नाही.

साल सत्त्याहत्तर असेल. दसऱ्याआधीचा रविवार. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत भीमरावचा मळा, मधोमध पायऱ्यांची विहीर आणि तिच्या चारी अंगांनी कमरेएवढा झेंडू. त्यावर हिरवे, तांबडे, ठिपक्यांचे किडे नुसते लगडलेले. मी आधीच सांगून ठेवलं होतं, "भीमराव, दवा मारायच्या आधी मला फोटो काढू द्या."

"दहाला या मास्तर. मी पंप पाठीवर घेतला की एक बी वाचायचा न्हाई."

मी पोचलो बाराला. मेहुण्याच्या कॅमेऱ्यात रोल भरताना दोन तास गेले, आणि एवढं करून भरला तो काळा-पांढरा! रंगीत किड्यांसाठी! कॅमेऱ्यापुढे शाळेतलं भिंग चिकटपट्टीनं लावलेलं, त्यामुळे किड्यापासून बरोबर एक वीत लांब, श्वास रोखून बसावं लागे.

बांधावर भीमरावची बायको गवत कापत होती.

"वहिनी, भीमराव कुठंयत?"

"तुमची वाट बघून औंढ्याला गेले असतील. पण काहून किड्यांचे फोटो काढून राहिले तुमी? माणसं सरली का गावातली?"

पहिला किडा पाठमोरा निघाला. दुसराही. चौथ्या फोटोनंतर मी वैतागलो — मला हवी होती तोंडं, मिळत होती ढुंगणं! बोटानं फूल हळूच फिरवलं, तर किडा सरकत सरकत पुन्हा पाठ करून बसला. म्हटलं ठीक आहे, पलीकडून गाठतो. विहिरीला लांबून वळसा घालून समोरच्या अंगाला गेलो.

तिथेही पाठीच.

हसू तिथंच आटलं. पूर्वेच्या किड्यांची तोंडं पश्चिमेला, पश्चिमेच्यांची पूर्वेला. दक्षिणेकडचे बघितले, उत्तरेकडचे बघितले… शेकडो किडे. कोणी खात नव्हतं, कोणी उडत नव्हतं. फुलपाखरंसुद्धा पंख मिटून गप्प. सगळ्यांची तोंडं विहिरीकडे.

झेंडू तुडवत मी काठावर गेलो. वरच्या पायरीवर पंप आडवा पडलेला. आणि खाली… भीमराव पालथा. कपाळ फुटलेलं, छाती शेवटच्या पायरीवर, हनुवटी पाण्याला टेकलेली. आणि अंग इंचाइंचानं खाली घसरत होतं.

"वहिनी! पळा!"

मी शेवाळावरून बसूनच खाली गेलो — घसरलो म्हणा — आणि त्याची काख धरली. मला पोहता येत नाही, हे तेव्हा आठवलं. वहिनी धावत आल्या.

"अवो, डोळे उघडा ना! मास्तर, सोडू नका, तुमच्या पाया पडते!"

"नाही सोडत! तुम्ही यांची कंबर धरा!"

एकेक पायरी ओढताना मला मानेवर काहीतरी जाणवत होतं. वरून ते सगळे बघत असणार. मान वर करायची हिंमत झाली नाही. त्याला बांधावर निजवलं आणि मग मागं पाहिलं, तर किडे आपले फुलं कुरतडत होते. जसं काही घडलंच नाही.

भीमराव वाचला. दवा कालवायला पाणी घ्यायला उतरला, पाय सटकला. ओरडायलाही सवड मिळाली नाही.

हिंगोलीत रोल धुणारा फोटोवाला म्हणाला, "मास्साब, इत्ते प्यार से किसके पिछवाडे खींच के लाए?" शाळेतला सहकारी म्हणाला, किडे उन्हाकडे पाठ करतात. "मग समोरासमोरचे?" विचारल्यावर तो चहा प्यायला लागला.

त्या झेंडूवर भीमरावनं पुन्हा कधी पंप चालवला नाही. म्हणायचा, "त्यांनीच बोलावलं तुमाला. मुकी जात, पण जीव लावती."

मी मान डोलवायचो. पण माझ्या डोक्यातलं मी त्याला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी तो त्या सगळ्यांना मारायला निघाला होता. ते मला बोलावत होते… की तो बुडायची वाट बघत होते?

किड्याच्या तोंडावर काय दिसणार म्हणा! पण मी एकदाच, काठावर उभा असताना, वळून बघायला हवं होतं.