अर्धा काळा, अर्धा पांढरा वेताळ

काल खारघरला नातीच्या कॉलेजात चित्रकलेवर भाषण होतं. वक्त्यांनी पडद्यावर अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या मुखवट्याचं एक चित्र दाखवलं आणि म्हणाले, मुखवटा म्हणजे आधुनिक माणसाचा खोटेपणा... चित्र बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. अहो, तो मुखवटा आमच्या घरातला होता!

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. माझे वडील, गोविंददादा, पनवेलला गणपती करायचे आणि शिमग्यासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे. वेताळाचे डोळे मात्र सगळ्यात शेवटी, आंघोळ करून, उपाशीपोटी रंगवायचे. एकदा डोळे रंगवले की तो देव, मग त्याला पुन्हा ब्रश लावायचा नाही.

तो वेताळ कोन गावचा हिरू नाचवायचा. एरवी चारचौघांत मान वर न करणारा माणूस, पण मुखवटा चढला की अंगण दणाणून सोडायचा. त्या वर्षी त्याची लेक मोठ्या दुखण्यातून उठली होती. गावातल्या प्रत्येक दारी वेताळ नाचवीन, असा तो नवस बोलला होता.

त्यातच मुंबईचे एक चित्रकार आले आणि "चार दिवसांत आणून देतो" म्हणून चित्र काढायला मुखवटा घेऊन गेले. शिकला-सवरलेला माणूस, दादांना नाही म्हणवेना.

आणला तो थेट होळीच्या दिवशी... अर्धा काळा, अर्धा पांढरा रंगवून! डोळ्यांवरूनसुद्धा ब्रश फिरवलेला. वर हसून म्हणतात कसे, "आता बघा, बोलतोय!" बोलतोय कसला डोंबल?

हिरू बघतच राहिला. "दादा, आमचा देव नाय ह्यो," एवढंच म्हणाला. दादांनी मुखवटा गाढी नदीत सोडला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नवस चुकू नये म्हणून हिरू मुखवट्याशिवाय, उघड्या तोंडाने नाचायला निघाला. पण लोक त्याला ओळखत होते, नावाने हाका मारत होते... तिसऱ्याच अंगणात त्याचे पाय थांबले. दोन्ही हातांत तोंड लपवून तो मटकन खाली बसला. लेक शेजारीच उभी होती.

आणि हे म्हणे, माणूस मुखवट्याआड लपतो!

काल मी उभी राहून हे सगळं सांगितलं. वक्ते म्हणाले, "छान आठवण," आणि पुढचं चित्र लावलं. संताप झाला नुसता...

म्हणून इथे लिहून ठेवते. मुखवटा करणारे गोविंददादा, पनवेल. नाचवणारा हिरू, कोन. चित्रकाराचं नाव मला चांगलं पाठ आहे. ते लिहिणार नाही.