मरून राहिलेले तारे

बाबा आमच्या गावात, सौंसरला, सगळ्यांना सांगत, "पोरगी रेडिओत आहे." त्यामुळे दिवाळीला घरी गेले की शेजारचे काका हमखास जुन्या गाण्याची फर्माईश करत. मी दूरच्या दीर्घिकांमधल्या फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष रेडिओ दुर्बिणींनी पाहते, हे मी त्यांना एकदा नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मंग गाणं केव्हा लावते?"

आई होती तोवर हे चालून जायचं. माझं सगळं ऐकायची तीच आणि बाबांपर्यंत आपल्या पद्धतीनं पोचवायचीही तीच. ती गेल्यावर आमचा फोन फार आटला. "जेवली का?" "हो." "बरं, ठेवतो." मला त्या 'ठेवतो'ची धास्तीच बसली होती. एक दिवस आमच्यात तेवढंही उरणार नाही, असं वाटायचं.

यंदा पांढुर्ण्याच्या एका शाळेनं माझं व्याख्यान ठेवलं. बाबा तिथले निवृत्त मास्तर, म्हणून प्रास्ताविक त्यांच्याकडे. सौंसरहून बस निघाली तसा त्यांनी चष्मा पुसला.

"सांग आता. समजल्याबिगर मी माइक धरत नाई."

मी सुरुवात केली. काही दीर्घिकांत ताऱ्यांचं पीक बेसुमार येतं. त्यातले दांडगे तारे लवकर फुटतात. पण तिथे धूळ इतकी, की साध्या दुर्बिणीला ते दिसत नाहीत.

"मंग तुले कसे दिसते?"

"मामाच्या जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढताना रुई उडत असली की समोरचा माणूस दिसत नाही, पण त्याची हाक ऐकू येते ना? तशा रेडिओ लहरी धुळीतून येतात."

"जिनिंगमधी हाक? मशीन का तुह्या मामानं बंद केली?"

मी उदाहरण सोडून दिलं. "बरं, तर तारा फुटला..."

"म्हणजे मरून राहिला."

"मरून राहिला नाही, बाबा. आत्ता मरत नाहीये. मेला. केव्हाच." पुण्यात राहून मी जरा जास्तच शुद्ध झाले होते.

"मेला, त तू पाहून काय राहिली?"

मी सांगितलं, फुटल्यावर जे उडतं ते कड्यासारखं पसरत जातं. काही वर्षांनी पुन्हा पाहिलं की कडं मोठं झालेलं असतं. बाबा बराच वेळ बाहेरच्या संत्र्याच्या बागा बघत बसले.

"मंग मीच बरोबर आहो," ते म्हणाले. "मेला, आन् राहिला बी."

इतकी वर्षं मी 'अवशेष' म्हणत होते, आणि आमच्या बोलीत त्याला केव्हाचा शब्द होता.

शाळेत फलक लागला होता: 'सुप्रसिद्ध रेडिओ निवेदिका'. बाबांनी माइक धरला. "हे चुकीचं लिवलं. माही पोरगी गाणे लावत नाई. तिकडे तारे मरून राहिले, आन् हे पोरगी त्यायले पाहून राहिली." टाळ्या कडाडल्या. माझ्या अख्ख्या व्याख्यानाला त्याच्या निम्म्याही पडल्या नाहीत. माझा जळफळाट झाला आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच.

पुण्याला परतल्यावर रविवारी फोन आला.

"जेवली का?"

"हो." मी 'ठेवतो'ची वाट पाहत होते.

"आन् कडं वाढलं का?"

"बाबा, दिसायला दोन-चार वर्षं तरी लागतील."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"लागू दे. मी आहो ना. थांबून राहिलो."