सिमेंटमागची तुळई

आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर सरांचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे. प्रवेशअर्ज घ्यायला आलो तेव्हा मी मुळशीतल्या या विद्यापीठाच्या फाटकातूनच बुजून परत फिरलो होतो. त्यांनी हाक मारली आणि स्वतःच्या टेबलापाशी बसवून अर्ज भरून घेतला. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

आज मी त्याच आवारात जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीवर इंजिनिअर आहे. परवा ग्रंथालयाच्या भिंतीवरचं सिमेंट काढायला घेतलं. चुन्यात बांधलेल्या त्या भिंतीला हा गिलावा आम्ही विद्यार्थ्यांनीच केला होता. भिंत ओल धरते म्हणून, एका सुट्टीत, सरांच्या देखरेखीखाली, श्रमदानानं. मला त्याचा फार अभिमान होता.

पहिला पोपडा पडला आणि मागे सागवानी तुळईचं टोक दिसलं. मी बोट लावलं. ते सरळ आत गेलं.

"हात काढा, साहेब," आमचे म्हातारे गवंडी म्हणाले. "ह्ये लाकूड न्हाई, भुसा हाय."

"पण बाहेरून एक भेग नव्हती!"

"चुन्याची भिंत पानी पिती आन् वाळती. हिचं तोंडच सिमिटानं बांधलंय. कुन्या शान्याचं काम हाय हे?"

"आमचंच. मी इथं शिकत होतो तेव्हाचं."

"मंग शिकवलं काय तुमास्नी?"

मजूर हसले. याच तुळईखाली मी तीन वर्षं अभ्यास केला होता. अहवालात 'लाकूड जुनं झालं' एवढंच लिहिलं असतं तर सरांचं नाव कुठंच आलं नसतं. पण त्याच सुट्टीत आम्ही समोरच्या, अशाच चुन्याच्या विज्ञान इमारतीलाही गिलावा केला होता, आणि तिथं तास चालू होता. हजेरी इथवर ऐकू येत होती.

मी धावत गेलो आणि हात जोडून सगळी इमारत रिकामी करायला लावली.

सरांना आता फोनवर ऐकू येत नाही. म्हणून ड्रायव्हरबरोबर कासारसाईला त्यांच्या घरी पत्र पाठवलं:

"आदरणीय सर,
सा. न.
ग्रंथालयाची तुळई कुजली आहे. कारण आपण सगळ्यांनी मिळून केलेला सिमेंटचा गिलावा. अहवालात मी तसंच लिहितो आहे, तुमच्या आणि माझ्या नावासकट. दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून आधी तुम्हाला लिहिलं. तुम्ही भिंत वाचवायलाच निघाला होतात, हेही लिहीन. विज्ञान इमारत रिकामी केली आहे. मला या दोनच आठवतात. त्या सुट्टीत आपण आणखी कुठे गिलावा केला होता का, सर? ड्रायव्हर थांबला आहे. त्याच्याबरोबरच उत्तर द्या."