ठासणीच्या बंदुकीचा नेम

आमच्या घरात बंदूक आहे, हे भिवंडीतल्या माझ्या ऑफिसात कुणाला खरं वाटत नसे. मी एका सायझिंगमध्ये कारकून होते. लूमवर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला जिथे खळ पाजतात, तो कारखाना म्हणजे सायझिंग. आठवडाभर भिवंडीत मावशीकडे राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी वडप्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावी जायचं. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. हायवेच्या कडेला तेव्हा गोदामं नव्हती, भाताची शेतं होती, आणि त्यात डोंगरातून उतरणारी रानडुकरं होती.

बंदूक ठासणीची. शेतीच्या राखणीसाठी आजोबांना परवाना मिळाला होता, तो पुढे बाबांच्या नावावर झाला. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग तेलात भिजवलेल्या चिंधीत शिशाची गोळी धरून ती लांब गजाने तळापर्यंत ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एवढं सगळं करून बार एकच. नळीला आतून पिळाच्या खाचा होत्या. चिंधी त्या खाचांना घट्ट धरायची, म्हणून गोळी गिरकी घेत सरळ जायची. बाबा वर्षातून चार-पाच बार काढत, त्यातले निम्मे नुसते आवाजासाठी.

त्या वर्षी भात पोटरीला आलं होतं, तेव्हा एक मोठा एकटा डुक्कर रोज आमच्या आणि शेजारच्या शेतात घुसायला लागला. वनखात्याच्या ऑफिसातून बाबांनी महिनाभराची लेखी परवानगी आणली. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी त्यांनी चाळीस पावलांवरून बार काढला. गोळी खांद्यामागे लागायची ती मागच्या फऱ्यात लागली. डुक्कर ओरडत कारवीत शिरला. बाबा दुपारपर्यंत रक्ताच्या मागे फिरले, पण तो सापडला नाही.

चार दिवसांनी माझा मोठा भाऊ, दादा, बांधावर गवत कापायला गेला. डुक्कर कारवीतून सरळ त्याच्यावर आला. गुडघ्याच्या वरपासून जांघेपर्यंत मांडी उसवून गेली. गावातल्या चौघांनी त्याला खाटेवर घालून हायवेपर्यंत आणलं, तिथून टेम्पोत घालून भिवंडीच्या दवाखान्यात. मला ऑफिसात निरोप आला तेव्हा मी धावत गेले. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. दादाचं रक्त त्यांच्या धोतरावर वाळलं होतं.

"मी अर्धा मारून सोरला त्याला," एवढंच ते म्हणाले.

गावात सगळ्यांनी दोष बाबांच्या डोळ्याला दिला. आदल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागला होता. त्या चष्म्यातून बंदुकीच्या टोकावरची नेम धरायची माशी दिसली तर जनावर पुसट दिसे, जनावर दिसलं तर माशी. बाबांनाही ते पटलं होतं. पण बंदूक चालवायला दुसरं कुणी नव्हतं. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. जखमी डुक्कर आता माणसाला भीत नव्हता. शेजारच्या पाड्यावरच्या एका बाईला त्याने झाडावर चढायला लावलं. भात दाण्यावर आलं होतं आणि कुणी शेतात उतरायला धजत नव्हतं. परवानगीचे तीन आठवडे उरले होते.

दुर्बिणीची कल्पना माझी. मावशीचा मुलगा आखातात नोकरीला होता. त्याने हौसेने छऱ्याच्या बंदुकीची एक दुर्बीण आणली होती, ती माळ्यावर पडून होती. तिच्यातून पाहिलं की जनावर आणि नेमाची फुली एकाच वेळी स्वच्छ दिसत. आमच्या कारखान्यामागच्या गाळ्यात लेथवर लूमचे सुटे भाग बनवणारा एक टर्नर होता, उत्तर प्रदेशातून आलेला, पन्नाशीचा. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने दुर्बीण हातात फिरवून बघितली.

"बहनजी, क्लॅम्प तो बना दूँगा. लेकिन बंदूक का धक्का छर्रे वाली से बहुत ज्यादा होता है. जुमे को नमाज के बाद आता हूँ, बैठाकर देखेंगे."

शुक्रवारी दुपारी तो एस्टीने आला. पिशवीत पोलादी क्लॅम्प, पाने, स्क्रू. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला नाल्याचा उंच मातीचा काठ होता. तिथे आम्ही सुताच्या कोनांच्या खोक्याचा पुठ्ठा उभा केला, त्यावर कोळशाने बशीएवढं वर्तुळ काढलं. पन्नास पावलांवर वाळूची पोती रचून बाबा त्यावर बंदूक टेकवून बसले.

पहिली गोळी वर्तुळाच्या वर वीतभर. टर्नरने दुर्बिणीचा वरचा स्क्रू फिरवला. दुसरी गोळी डावीकडे खाली. त्याने पुन्हा फिरवला. तिसरी पुठ्ठ्यालाच लागली नाही. चौथी उजव्या कोपऱ्यात. आता कुठल्या बाजूला फिरवायचं तेच त्याला कळेना.

बाबांनी बंदूक पोत्यावर ठेवली. "माझा डोलाच गेलाय. दुर्बिणीनं काय होनार."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. दादाच्या जखमेत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस बघू, नाहीतर पायाचं काही सांगता येत नाही. दादाने मला विचारलं, "मेला का तो?" मी नाही म्हटलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

ते आठ दिवस कसे काढले, आठवत नाही. ऑफिसात सूत गुंडाळलेल्या बिमांचे आकडे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्यावरची ती भोकं यायची. डोळा अधू असेल तर चूक एकाच बाजूला व्हावी ना? अशी चारी बाजूंना का होते? हा विचार मी टर्नरला बोलून दाखवला. तो म्हणाला, त्यालाही झोप लागत नव्हती, कारण क्लॅम्प त्याचा होता.

पुढच्या शुक्रवारी त्याने क्लॅम्प काढून पुन्हा बसवला, स्क्रूखाली स्प्रिंगचे वॉशर घातले आणि क्लॅम्पवर आणि नळीवर मिळून खिळ्याने एक बारीक रेघ ओढली. दुर्बीण केसभर जरी सरकली तरी ती रेघ तुटलेली दिसली असती. बाबा दारू अंदाजाने ओतत. मी खोकल्याच्या औषधाचं माप आणलं होतं, ते दर वेळी काठोकाठ भरून घ्यायचं ठरलं. दर बारानंतर नळी ओल्या फडक्याने पुसायची, गज सारख्याच जोराने दाबायचा, हेही ठरलं. मी वहीत दर बाराची नोंद करत होते.

तीन गोळ्या तीन दिशांना गेल्या. रेघ जागच्या जागी होती.

बाबा उठले आणि टर्नरला म्हणाले, "तुम्ही मारून बघा."

"चाचा, लायसन आपका है."

"माझ्या शेतात, माझ्यासमोर. एकच."

टर्नरने नाइलाजाने एक बार काढला. त्याची नजर लेथवर केसाएवढा फरक ओळखणारी होती. गोळी वर्तुळाबाहेर दीड वीत. त्यानंतर बाबा पुठ्ठ्यापाशी गेले आणि त्या भोकात बोट घालून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. डोळा नाही, हात नाही, दुर्बीण नाही; मग काय? आता दुरुस्त करायचं असं काहीच उरलं नव्हतं. आई बांधावरून ओरडून म्हणाली, "टाका ती बंदूक नाल्यात." 

परवानगीचा शेवटचा आठवडा सुरू होणार होता. मी शनिवारची रजा टाकून गावीच राहिले. सकाळी बाबांना म्हटलं, आणखी दोन बार काढा. ते नको म्हणत होते. मी हट्ट धरला, म्हणून काढले. दोन्ही भरकटले. मी पुठ्ठ्याकडे निघाले, तेव्हा आठ-दहा पावलांवर गवतात काहीतरी काळं धुमसताना दिसलं. पाय देऊन विझवलं. गोळीबरोबर नळीतून उडालेली चिंधी होती ती. मधोमध रुपयाएवढं भोक, कडा जळलेल्या, धागे तुटलेले. आजूबाजूला शोधलं तर आदल्या दिवसांच्याही सापडल्या. सगळ्या तशाच. काहींचे नुसते दोरे उरले होते.

गोळीला धरून ठेवणारी चिंधीच नळीत जळून जात होती. खाचांना गोळी धरणारं काही उरतच नव्हतं.

मी घरी येऊन चिंध्यांची पिशवी उघडली. पांढरं, नवं, कडक कापड. त्यावर तेलाचा एक थेंब टाकला. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला, आत मुरला नाही. आमच्या सायझिंगमध्ये हे मी रोज बघत होते. खळ पाजलेलं सूत तेल पीत नाही. लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडात ती खळ तशीच असते. कापड कडक राहतं, तेल धरत नाही, आणि पेट घेतं.

ती पिशवी मीच आणली होती. बाबा इतकी वर्षं आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या चिंध्या वापरत. पावसाळ्याच्या आधी मी एका लूमवाल्याकडून कोऱ्या कापडाचे तुकडे मागून आणले आणि कौतुकाने त्यांना दिले होते. फऱ्यात लागलेली ती पहिली गोळी याच कापडात ठासली होती.

 बाबा आत आले. मी तेलाचा थेंब दाखवला, जळकी चिंधी दाखवली आणि सगळं सांगितलं. सांगताना मला रडूही येत नव्हतं.

बाबांनी चिंधी उजेडात धरली, चष्म्याजवळ नेली. मग खाली ठेवली.

"बाय, घोडा मी ओढला. कापडानं न्हाय."

"पण बाबा, मी जर ते आणलंच नसतं..."

"आता लुगडं फाड. बोलत नको बसू."

आईने पेटीतलं एक विटकं लुगडं काढून दिलं. मी त्याच्या चकत्या कापल्या, खोबरेल तेलात भिजवल्या, पिळल्या. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत बाबांनी तीन बार काढले. तिन्ही गोळ्या वर्तुळाच्या उजव्या कडेला, एकमेकींना चिकटून. गवतातल्या चिंध्या अख्ख्या होत्या, मध्ये फक्त काळा डाग. मी टर्नरने शिकवल्याप्रमाणे दुर्बिणीचा बाजूचा स्क्रू फिरवला. पुढच्या दोन गोळ्या मधोमध गेल्या. आम्हा कुणालाच आनंद झाला नाही. बाबा म्हणाले, "दारू जपून ठेव," आणि घराकडे चालू लागले.

परवानगी संपायला दोन दिवस असताना डुक्कर आला. मी तिथे नव्हते, आईकडून ऐकलं. उजाडताच तो नाल्यातून वर आला, मागचा पाय ओढत. बाबा बांधामागे बसले होते. तो वळून बाजू देईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. एक बार झाला आणि तो जागेवर बसला, मग कलंडला. लोक धावत आले, तेव्हा बाबा त्याच्या मागच्या फऱ्याकडे बघत उभे होते. तिथली जखम सडली होती, किडे पडले होते. तीन आठवडे तो ते घेऊन फिरत होता. बाबा विहिरीवर गेले आणि अंगावर पाणी ओतत राहिले, असं आई म्हणाली.

दादाचा पाय वाचला, पण गुडघा पुढे कधी नीट वाकला नाही. तो घरी आल्यावर मी त्याला कापडाचं सांगितलं. वाटलं होतं, तो चिडेल, नाहीतर समजूत घालेल. त्याने दोन्ही केलं नाही.

"मंग आता मी काय करू?" तो म्हणाला.

 महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. पुढे बोलायला लागला, पण त्या दिवसांबद्दल कधीच नाही. त्याच्या लग्नात तो हारासाठी गुडघा धरून उभा राहताना मी नजर दुसरीकडे वळवली, हे मला आठवतं.

नंतर निवडणुका आल्या. निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका पोलीस चौकीत जमा कराव्या लागत. बाबांनी दुर्बीण काढून मला परत दिली, नळीला तेल लावलं आणि बंदूक जमा करून पावती आणली. निवडणूक झाली, गावातले बाकीचे आपापल्या बंदुका घेऊन आले. दोन-तीन महिन्यांनी चौकीतला हवालदार वाटेत भेटला. मी बाबांबरोबर होते.

"काका, बंदूक न्यायची नाही का? जागा अडलीय."

बाबा म्हणाले, "शेत आता पोरगा बघतो. त्याला इचारतो."

दादाला त्यांनी कधी विचारलं नाही, आणि दादाने आपण होऊन विषय काढला नाही. परवान्याची मुदत तशीच संपून गेली.